अकरावी गल्लीची फौजदारीण

तारकर्लीजवळ, समुद्रकाठी
८ फेब्रुवारी २०२५

ती. अक्का,

नमस्कार. आधी बातमी, खुशाली मागून. तुझी भाची फौजदार झाली. अंगावर खाकी, खांद्यावर दोन तारे, डोक्यावर टोपी.

हातातलं पीठ टाकून पेढे आणायला पळू नकोस. सिनेमात झाले.

हा सिनेमा थिएटरात लागणार नाही. एका चॅनलवर रविवारी संध्याकाळी दाखवणार आहेत. नाव 'खाकी आणि किनारा'. इथं एक रिसॉर्ट आहे, सगळी गोष्ट त्यातच घडते. इन्स्पेक्टर राजवीर सुट्टीवर येतो आणि आल्याआल्या खून होतो. मग तो रात्रीसुद्धा गॉगल लावून खुनी शोधतो. व्हिलनकडे एक पोपट आहे, तो शेवटी खुन्याचं नाव सांगतो. मधे केळ्याच्या आकाराच्या फुगीर होडीवरून पाठलाग आहे आणि त्याच्या मागं धुराचं मशीन. भर दुपारच्या उन्हात धुकं! गावातले लोक काठावर उभे राहून पोट धरधरून हसतात. हसू देत. मला काम मिळालंय.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि आबांनी त्यांच्या फोनवर माझा नंबर बंद करून ठेवलाय, म्हणून हे पत्र. आपल्या गल्लीतले ज्ञानूमामा मालवणच्या एसटीवर ड्रायव्हर आहेत हे आपलं नशीब. ते इकडचं तिकडं पोचवतील.

आता खरं कारण. हे आबांना कळव. म्हणजे त्यांना सांगू नकोस, त्यांना ऐकू जाईल असं दुसऱ्या कुणाला तरी सांग. दोन वर्षं झाली. फौजदारकीची लेखी पास झाले आणि मैदानी चाचणीच्या दिवशीच मुंबईला ऑडिशनला निघून गेले. ते मात्र सकाळभर मैदानाबाहेर ग्लुकोजचं पाणी आणि केळी घेऊन उभे होते. तू सांगितल्यापासून ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मी परत आले तर आबा दारातच, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "मला एक ल्येक हुती. मेली." त्यानंतर माझं नावसुद्धा घेतलेलं नाही. आणि हाच माणूस पूर्वी ड्यूटीवरून आला की बूट काढायच्या आधी माझी हजेरी घ्यायचा. "स्वप्नाली जोतीराम पोवार!" मी असेन तिथून धावत यायची, सॅल्यूट ठोकायची आणि ओरडायची, "हजर!"

जन्मभर हवालदार राहिलेल्या माणसाला घरात एक फौजदार हवा होता. खरा नाही तर खोटा तरी बघू देत. एकदा माझं नाव घेऊ देत, अक्का. बाकी मला काही नको.

तुझी,
स्वप्नाली


राजारामपुरी, अकरावी गल्ली
११ फेब्रुवारी

चि. स्वप्नाली हीस अक्काचे आशीर्वाद.

पत्र हातात पडलं तेव्हा तव्यावर भाकरी होती. ती करपली. पहिल्या दोन ओळी वाचून मला वाटलं खरीच फौजदार झालीस. असं पुन्हा लिहू नकोस, माझं वय झालंय.

जोती बाहेर कट्ट्यावर बूट पॉलिश करत बसला होता. निवृत्त झाला तरी रोज पॉलिश. कुठं जायचंय म्हणून विचारलं तर खेकसतो. मी शेजारच्या शालूबाईला हाक मारली आणि कंपाउंडवरून ओरडून ओरडून तुझं सगळं सांगितलं. ती बिचारी मधेच म्हणाली, "ओ अक्का, वरडताय कशाला? मी काय भैरी न्हाय." मी म्हटलं, गप ऐक.

जोतीचा ब्रश थांबला. मग समोरच्या भिंतीकडं बघून म्हणाला, "दोन तारं म्हंजी फौजदारच की." जरा वेळानं पुन्हा भिंतीलाच, "टोपी भुवईच्या वर दोन बोटं पायजे. ड्यूटीवर गॉगल न्हाय. आन् सायबापुढं हात मागं बांधून हुभं ऱ्हायचं न्हाय. कळवा म्हणावं कुणीतरी." भिंत काय कळवणार? म्हणून मी कळवते.

नाव नाही घेतलं. पण जेवताना मला विचारलं, "बोलायला किती हाय?" मी मुद्दाम म्हटलं, "कुणाला रे?" तर ताट सोडून उठला. मग मी झाकपाक करताना परत येऊन निमूट भात खाल्ला. माझा भाऊ म्हणून सांगते, असा आडमुठा माणूस जिल्ह्यात दुसरा नसेल.

तर कळव, तुला बोलायला किती आहे? डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी आहे. वाऱ्यात ओल्या केसांनी हिंडू नकोस. आणि जरा एका जागी बसत जा. पायाला भिंगरी लागलेली पोरगी तू. झोपेतसुद्धा तुझ्या डाव्या पायाचा अंगठा हलत असायचा. जोती रात्रपाळीवरून आला की आधी पांघरुणाबाहेरचा तो अंगठा बघायचा आणि मग पाणी प्यायचा.

तुझी,
अक्का


तारकर्लीजवळ
१५ फेब्रुवारी

ती. अक्का,

धपाटे कॅमेऱ्याच्या लोकांनी पळवले. मला अर्धा मिळाला, तोही भांडून.

आबांच्या सूचना दिग्दर्शकांना सांगितल्या. टोपीचं त्यांनी लगेच ऐकलं. गॉगलचं म्हणाले, तो काढला तर राजवीरला प्रेक्षक ओळखणारच नाहीत.

बोलायला किती आहे म्हणून विचारतेस. बोलणं फार नाही, पण काम मोठं आहे. माझ्यामुळंच गोष्ट सुरू होते. मी नसते तर सिनेमाच झाला नसता, असं दिग्दर्शक स्वतः म्हणाले. सुरुवातीलाच कॅमेरा बराच वेळ फक्त माझ्यावर आहे. राजवीर माझ्यासमोर गुडघे टेकतो, माझी टोपी हातात घेतो आणि समुद्राकडे बघून शपथ घेतो. मग सिनेमा संपेपर्यंत सगळ्यांच्या तोंडी माझंच नाव. एवढं आबांना ऐकू जाऊ दे.

शूटिंग पहाटे असतं, ओहोटीच्या वेळेला. वाळू ओलीगच्च आणि गारठलेली. सगळ्यात अवघड काय, तर स्तब्ध राहणं. तू म्हणतेस तेच, मला एका जागी राहता येत नाही. लाट येते, कानात पाणी जातं, बारके खेकडे पायांवरून पळतात आणि दिग्दर्शक भोंग्यातून ओरडतात, "हलू नको गं बाई!" दिवसभर अंगात नुसती चुळबुळ. खोलीत आले तरी तेच. खिडकीशी जाते, दाराशी जाते, पुन्हा खिडकीशी. समुद्र क्षणभर गप्प बसत नाही आणि मीही. कधी एकदा परत जाते असं होतं, आणि परत म्हणजे कुठं, तेच कळत नाही.

खाकीतला फोटो अदितीच्या फोनवर पाठवलाय. तिच्याकडून बघ. टोपी दोन बोटं वर आहे.

तुझी,
स्वप्नाली


राजारामपुरी
२० फेब्रुवारी

चि. स्वप्नाली,

फोटो बघितला. शेजारच्या अदितीनं दाखवला. देखणी दिसतेस, पण वाळलीस. खाकी खांद्यावर लोंबतेय.

मला एक सांग, तो राजवीर तुझ्यापुढं गुडघे का टेकतो? मागणी घालतो की काय? हे मी जोतीच्या कानावर घातलेलं नाही. पोलिसानं पोलिसापुढं गुडघे टेकायचे, हे त्याला झेपायचं नाही. आणि पहाटे ओल्या वाळूत तुला स्तब्ध कशाला उभं करतात? पहारा आहे का? उभ्यानं डुलकी लागली तर समुद्रात जाशील. पायात बूट असू देत.

फोटो बघितल्यापासून जोतीचं एका जागी बूड ठरत नाही. दिवसातून तीनदा चौकात जाऊन येतो. सकाळी दूध, दुपारी पेपर, संध्याकाळी काहीच नाही, नुसताच जातो. पॉलिश केलेले बूट घालून. दोन वर्षं हा माणूस चौक टाळून मागच्या बोळानं जात होता, म्हणून सांगते.

बाकी सगळं ठीक. चौकात मंडळाच्या पोरांचा काहीतरी उद्योग चाललाय, तो काय नेहमीचाच. तू तिकडं लक्ष देऊ नकोस. कामावर ध्यान दे.

तुझी,
अक्का


तारकर्लीजवळ
२२ फेब्रुवारी

अक्का,

काहीतरी उद्योग? तू याला काहीतरी उद्योग म्हणतेस?

आज सकाळी ज्ञानूमामा सेटवर आले. एसटीच्या खाकीत, हातात झेंडूचा हार. मी वाळूत डोळे मिटून पडलेले, तोंडाला निळा-पांढरा रंग, केसांत शेवाळ, पाय अनवाणी. कॅमेरा चालू. आणि कानावर शब्द आले, "आगं आई! आत्ता निवड झालीया आन् आत्ताच..." मी ताडकन उठून बसले. टेक वाया गेला. मामांना खुर्चीवर बसवून पाणी पाजावं लागलं. मग त्यांनी फोनमध्ये मला तो फ्लेक्स दाखवला. चौकात, दुमजली उंचीचा. माझा खाकीतला फोटो आणि खाली तीन ओळी:

कु. स्वप्नाली जोतीराम पोवार
पोलीस उपनिरीक्षकपदी निवड झाल्याबद्दल
हार्दिक अभिनंदन!

बाजूनं शुभेच्छुकांची मुंडकी. माझ्या शाळेतल्या पीटीच्या सरांचंसुद्धा.

अक्का, हे तुला माहीत होतं आणि तू मला लिहिलं नाहीस. आणि आता मीही तुला लिहिलं नव्हतं ते लिहिते. वाळूत पडले होते हे वाचून तुझ्या लक्षात आलंच असेल. मी मुडदा आहे. सिनेमात खून होतो तो माझा. इथं यायच्या आधी मला सांगितलं होतं, फौजदारीण आहे, चार सीन आहेत. इथं आल्यावर चारही सीन वाळूतले निघाले. मी खोटं एक अक्षर लिहिलं नाही, आठवून बघ. पण तुम्हाला भलतंच वाटेल असं लिहिलं. एका पोलिसाच्या पोरीला हे चांगलं जमतं.

ज्ञानूमामांनी कुणाला न सांगायची शपथ घेतलीय. आबांना तू सांग. पण आधी एवढं सांग, त्या फ्लेक्सखालून ते रोज जातात तेव्हा लोकांना काय सांगतात?

स्वप्नाली


राजारामपुरी
१ मार्च

चि. स्वप्नाली,

रागावलीस ते बरोबर आहे. मी पण रागावलेय, तेही बरोबर आहे. फिटंफाट.

झालं असं. अदितीनं तुझा फोटो स्टेटसला ठेवला, खाली लिहिलं 'आमची पीएसआय'. तिनं मजेत लिहिलं. मंडळाच्या अमरसिंहाला मजा कुठली कळायला? त्याचा मेहुणा फ्लेक्स छापतो. त्याला वाढदिवस, निवड, श्रद्धांजली काहीही चालतं, फक्त फोटो पाहिजे. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तू चौकात उभी. मी धावत गेले सांगायला, तर फ्लेक्सखाली जोती उभा. मान वर करून. अमरसिंह त्याला पेढा भरवत होता. मला वाटलं आता हा पोराच्या कानफटात देणार. त्यानं पेढा खाल्ला.

लोकांना काय सांगतो म्हणतेस. काहीच नाही. "काय आबा, झाली की फौजदार!" म्हटलं की नुसती मान हलवतो, हो पण नाही आणि नाही पण नाही. त्याला माहीत आहे ना सिनेमातली आहेस ते? आहे. माझ्याकडं बघून एकदा म्हणाला, "चार दिस ऱ्हाऊ दे की." तेवढं ऐकलं आणि मला माझ्याच भावाची दया आली.

चार दिवसांनी चॅनलवर जाहिरात आली. फ्लेक्सपुढं शालूबाईचं कुणी ऐकत नव्हतं, म्हणून मला वाटलं, सुटलो, आता कळेल सगळ्यांना. कसलं काय! जाहिरातीत तुझी टोपी आणि खांदा दिसला, तर अमरसिंह म्हणतो, "खरी फौजदार हाय म्हणूनच सिनेमात घेतलीया!" लगेच जोतीचा सत्कार ठरला. शाल, नारळ, फेटा. आणि पाडव्याला संध्याकाळी मंडळाच्या हॉलात मोठ्या पडद्यावर सगळ्या गल्लीनं मिळून सिनेमा बघायचा.

सत्काराच्या दिवशी तुझं पत्र पदरात बांधून मी जोतीच्या खोलीत गेले, तुझं मुडद्याचं सांगायला. तो आरशासमोर फेटा बांधत होता. शीळ घालत होता, स्वप्नाली. तुझी आई होती तेव्हा घालायचा तशी. मला म्हणाला, "अक्का, शेमला नीट हाय का बघ जरा." मी म्हटलं, नीट आहे. आणि परत आले.

मी भित्री आहे असं म्हण. म्हण खुशाल. पण तू तरी कुठं शूर आहेस?

अक्का


मुंबई
२० मार्च

ती. अक्का,

हे पोस्टानं पाठवतेय, शूटिंग संपून मी मुंबईला आलेय. पोचलं की लगेच उघड.

काल सिनेमा जोडून झालेला बघितला. माझे चार सीन होते, आता एकच उरलाय. पहिलाच. आणि त्यात मी हलतेय. राजवीर शपथ घेत असताना माझा डाव्या पायाचा अंगठा हलतो, स्पष्ट दिसतो. मी हातापाया पडले, दुसरा टेक घ्या म्हणून. ते म्हणाले, बाकीच्या टेकमध्ये मागून केळ्याची होडी जाते, हाच चांगला आहे, आणि मुडद्याच्या अंगठ्याकडे कोण बघतं? आता मुडद्याचंसुद्धा काम मला कोण देणार? जी स्तब्ध पडूनही राहू शकत नाही ती करणार काय?

पण ते जाऊ दे. ते माझं मी निस्तरेन. मला आबांची धडकी भरलीय. दारात ते म्हणाले होते ना, "मेली"? अक्का, ते रागानं बोलले होते. मी ते खरं करून दाखवलंय. तेही सगळ्या गल्लीसमोर, मोठ्या पडद्यावर, सणाच्या दिवशी. डोक्याला फेटा बांधून ते समोर बसणार आणि त्यांना काय दिसणार? ते पुन्हा आयुष्यात माझं तोंड बघायचे नाहीत. मला जेवण जात नाही, बसवत नाही, चालवतही नाही.

त्यांना सांग. नाही जमलं तर हॉलात जाऊ देऊ नकोस. तेही नाही जमलं तर फ्यूज काढ, वायर तोड, काहीही कर.

स्वप्नाली


राजारामपुरी
१ एप्रिल

चि. स्वप्नाली हीस खूप खूप आशीर्वाद.

सांगायला नाही जमलं. थांबवायलाही नाही जमलं. म्हणून पाडव्याला दुपारी सगळे जेवून आडवे झाले तेव्हा मी हॉलात जाऊन फ्यूज काढला आणि पदराच्या गाठीत बांधला. या वयात चोरी केली. संध्याकाळी अमरसिंहानं गणपतीचा जनरेटर ओढत आणला आणि सुरू केला. आता माणसानं किती जणांशी लढायचं?

गल्ली झाडून सगळी आली होती. जोती पहिल्या रांगेत, मी त्याला खेटून. सिनेमा सुरू झाला. समुद्र, मग तो तुझा धूर, आणि वाळूत कुणीतरी पडलेलं. कॅमेरा सावकाश वर आला. पँट, पट्टा, दोन तारे. मग तोंड. तुझं. ओठ निळे.

हॉलात इतकं गप झालं की बाहेरचा जनरेटर मलासुद्धा ऐकू आला. मग अमरसिंह म्हणाला, "आयला, मेली की ही पयल्यालाच!"

जोती उभा राहिला. त्याचा चेहरा मी असा एकदाच बघितला होता, तुझी आई गेली त्या दिवशी. मी त्याचा सदरा धरला. त्याला माहीत होतं ना सिनेमा आहे? माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी आपणच दारात काय बोललो, तेही माहीत होतं. तेच आता समोर वाळूत पडलेलं आणि वरून लाट येतेय, हे त्याला बघवेना. मला वाटलं हा इथंच कोसळतो.

तेवढ्यात तो गॉगलवाला गुडघे टेकून शपथ घ्यायला लागला, आणि तुझा अंगठा हलला. डावा. एकदा, आणि परत एकदा.

पोरं खिदळली. "मुडदा हालला रं!" "भुताचा पिच्चर हाय!" शिट्ट्या, टाळ्या, नुसता दंगा. आणि त्या दंग्यात जोती ओरडला, "हालला! बघितलासा? आंगठा हालला! जित्ती हाय माझी पोरगी!" पोरांना वाटलं आबा चेष्टा करालेत, ती जास्तच हसली. जोती हसत नव्हता. फेट्याचा शेमला तोंडाला लावून उभ्यानं रडत होता. मग खिशातला फोन काढून बाहेर गेला. तुझा नंबर त्यानं स्वतःच बंद केलेला, तो सुरू कसा करायचा ते त्याला येत नव्हतं. दारात अदितीच्या हातात फोन देताना मी बघितलं.

परत आला तेव्हा डोळे लाल, पण चाल परेडची. पडद्यापुढं उभा राहिला आणि म्हणाला, "आयका सगळी. माझी ल्येक फौजदार न्हाय. सिनेमात काम करती, आन् सिनेमातबी मेलेली हाय. मला पयल्यापासनं ठावं हुतं, मी बोललो न्हाय. ही शाल घ्या तुमची. आता बाजूला व्हा, पुढचं बघू द्या." आणि खाली बसून सिनेमा शेवटपर्यंत बघितला. शेवटी पोपटानं खुन्याचं नाव सांगितलं तेव्हा केवढ्यानं ओरडला, "पोपटाची साक्ष कोर्टात टिकत न्हाय!"

काल सकाळी शिडी घेऊन चौकात गेला. वर चढून पांढऱ्या रंगानं फ्लेक्सची मधली ओळ पुसून टाकली. तुझं नाव आणि हार्दिक अभिनंदन, तेवढंच ठेवलं. अमरसिंह खालून म्हणाला, "आवो आबा, मग अभिनंदन कशाबद्दल?"

"ती हाय म्हणून," जोती म्हणाला आणि ब्रश पुन्हा डब्यात बुडवला.

फोनवर तुला काय बोलला ते मला सांगत नाही. दहा वेळा विचारलं. म्हणतो, गोपनीय. तू तरी सांग. फ्यूज अजून माझ्याकडंच आहे, कुणाला बोलू नकोस.

तुझी,
अक्का


मुंबई
५ एप्रिल

ती. अक्का,

पुढच्या आठवड्यात येतेय. थेट चौकातून येणार, मागच्या बोळानं नाही. परवा एका मालिकेसाठी बोलावणं आलं. वाळूत पडायचं नाही, उभं राहून दोन वाक्यं बोलायची आहेत. मिळेल की नाही माहीत नाही. नाही मिळालं तरी येतेय.

पाडव्याच्या संध्याकाळी मी टीव्ही लावलाच नव्हता. खोलीतली फरशी पुसत होते, एकदा पुसून झालेली पुन्हा. फोन वाजला आणि त्यावर 'आबा' असं दिसलं. दोन वर्षांत ते नाव कधी उमटलं नव्हतं. कानाला लावला. मागं जनरेटरची घरघर. श्वास ऐकू येत होता. मला वाटलं आता शिवी येणार.

मग आला तो आवाज. ठणठणीत, मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जाईल असा.

"स्वप्नाली जोतीराम पोवार!"

मी हातातल्या फडक्यासकट ताडकन उभी राहिले, अक्का. पाय जुळवले. सॅल्यूट कुणाला दिसणार होता? तरी ठोकला. ते थांबले. मग पुन्हा नाव घेतलं, या वेळी अगदी हळू, अंधारात चाचपत आल्यासारखं, आणि वाट बघत राहिले.

"हजर," मी म्हणाले.

तुझी,
स्वप्नाली